कपडेपटातली चित्रकार

१९२९ साली कोल्हापुरात पाच आठवड्यांच्या अंतराने दोन जन्म झाले. २८ एप्रिलला चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या घरी भानुमती जन्मली. १ जूनला शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी या पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. दुसऱ्या जन्माची कौतुकं महाराष्ट्रानं शाळेच्या पुस्तकापासून पुण्यातल्या रस्त्याच्या पाटीपर्यंत केली. पहिल्याची दखल घ्यायला आपल्याला ५४ वर्षं लागली, आणि तीही लॉस एंजेलिसहून बातमी आली तेव्हा.

या भानुमतीचं, म्हणजे भानू अथैयांचं, नाव घेतलं की आज ‘ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय’ एवढं एक वाक्य पुढे येतं आणि विषय संपतो. ते वाक्य खरं आहे. पण त्यांचं काम ऑस्करच्या बाहुलीच्या मागे जितकं झाकलं गेलं तितकं दुसऱ्या कशानं झाकलं गेलं नसेल.

त्या वेळचं कोल्हापूर ध्यानात घ्यायला हवं. शाहू महाराजांच्या आश्रयानं इथे नाटक, गाणं, कुस्ती आणि चित्रकला एकाच गल्लीत नांदत होती. आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाच्या वेडात सापडले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी कॅमेरा स्वतःच्या हातांनी तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. दामले-फत्तेलालही मूळचे चित्रकारच. या मंडळींच्या सिनेमात चित्रकार हा मुख्य माणूस होता. सेट त्याचा, जाहिरातीचं चित्र त्याचं, आणि शेला कोणत्या खांद्यावरून जाईल हेही तोच ठरवी. भानुमतीचे वडील अण्णासाहेब चित्रं काढत, फोटो काढत आणि बाबूराव पेंटरांच्या कामातही त्यांचा हात होता. घर राजोपाध्यांचं, म्हणजे राजपुरोहितांचं. कोल्हापुरात हे आडनाव निघालं की वेदोक्ताचं प्रकरण निघतंच, पण अण्णासाहेबांचं मन पौरोहित्यात नव्हतं, रंगात होतं. सात भावंडांत तिसरी असलेली ही मुलगी कागद-पेन्सिलीत वाढली.

मुलगी नऊ-दहा वर्षांची असताना वडील गेले. सात मुलं आणि विधवा आई. इथून पुढच्या सगळ्या निर्णयांमागे हा हिशेब उभा आहे, आणि तो विसरला तर तिच्या पुढच्या वाटेचा अर्थ चुकतो.

मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तिनं १९५१ साली ‘लेडी इन रिपोज’ या चित्रासाठी उषा देशमुख सुवर्णपदक मिळवलं. त्या दिवसांत जे.जे.च्या आसपास प्रोग्रेसिव्ह ग्रुपची हवा होती. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे या तरुणांनी १९४७ मध्ये हा गट काढला होता. १९५३ च्या प्रदर्शनात या गटाबरोबर भानू राजोपाध्ये हिची तीन चित्रं लागली. त्यात ती एकटी स्त्री होती. पुढे या गटातल्या चित्रांना लिलावात कोटींचे आकडे आले, त्यामुळे ‘चित्रकला सोडली नसती तर’ असा सूर कधीमधी निघतो. मला तो पटत नाही. १९५३ साली त्या चित्रांना कुठले आले कोटी? आरा एके काळी गाड्या पुसत, हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवत. आणि ज्या मुलीच्या पाठीशी एवढं मोठं घर होतं तिला उपाशी राहून थोर होण्याची सवलत नव्हती.

तिनं शिकता शिकताच ‘फॅशन अँड ब्यूटी’ मासिकासाठी रेखाटनं करायला घेतली, मग ‘ईव्ज वीकली’साठी. पाच-सहा रेषांत साडीचा पदर कसा पडतो, बाहीचा घेर कुठे फुगतो, हे दाखवायचं काम. ‘ईव्ज वीकली’च्या संपादकांनी बुटीक काढलं तेव्हा त्यांनी तिलाच सुचवलं, कागदावर काढतेस ते कापडात करून बघ. तिनं केलं. त्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांत नट्या होत्या. कामिनी कौशलचे, मग नर्गिसचे कपडे करता करता ती राज कपूरच्या कंपनीपर्यंत पोचली. गीतकार सत्येंद्र अथैया यांच्याशी लग्न झालं. ते फार काळ टिकलं नाही, पण आडनाव राहिलं.

हिंदी सिनेमात तेव्हा ‘डिझायनर’ नावाचा माणूस नव्हता. पौराणिक किंवा राजेरजवाड्यांचा चित्रपट असला की ड्रेसवाल्याकडून मुकुट, अंगरखे, चिलखतं भाड्यानं येत. सामाजिक चित्रपटात नटी बहुधा आपल्या आवडीच्या साड्या घेऊन येई. शिवण्याचं काम मास्टर करी, सांभाळण्याचं काम ड्रेसमन. नाटकातल्या कपडेपटासारखाच हा विभाग श्रेयनामावलीच्या तळाशी असे. कपडा पात्राचा असतो, नटीचा नाही, ही गोष्ट कुणाला तरी शिकवायची होती.

‘श्री ४२०’ (१९५५) पाहा. राजू दोन बायकांच्या मध्ये उभा आहे. एकीचं नाव विद्या, दुसरीचं माया. नावं इतकी उघड की दिग्दर्शकानं प्रेक्षकाच्या हातात चिठ्ठीच दिल्यासारखी. नर्गिसची विद्या साध्या सुती साडीतली मास्तरीण. आणि नादिराची माया ‘मुड़ मुड़ के ना देख’ म्हणते तेव्हा तिच्या अंगावर भानूंनी केलेला तो चोपून बसलेला, चमचमता गाऊन आहे. त्या गाण्यातला अर्धा मोह सुरात असेल तर उरलेला त्या गाऊनमध्ये आहे. नादिराला तो गाऊन जन्माचा चिकटला. पुढे तिला त्याच छापाच्या भूमिका येत राहिल्या. एखाद्या कपड्यानं नटीचं नशीब ठरवावं हे चांगलं की वाईट, हा वेगळा प्रश्न. पण कपड्याची ताकद केवढी, हे त्या सिनेमानं मुंबईला दाखवलं.

गुरुदत्तकडे काम होतं अगदी उलट्या जातीचं. ‘सीआयडी’, ‘प्यासा’, ‘चौदहवीं का चाँद’ आणि १९६२ चा ‘साहिब बीबी और गुलाम’. या शेवटच्या चित्रपटातली छोटी बहू मला भानू अथैयांच्या पहिल्या पर्वातलं सर्वांत मोठं काम वाटतं. बंगाली जमीनदाराच्या हवेलीतली सून, दागिन्यांनी मढलेली, आणि आतून कोसळत चाललेली. मीनाकुमारीच्या अंगावर दागिना कमी नाही, साडीचा काठ हलका नाही, कुंकू ठसठशीत आहे. दुःख दाखवायला कपडा फाटका करावा लागत नाही, भरजरी ठेवला तरी चालतो, हे ज्याला कळतं त्याला चित्रात गडद रंग कुठे ठेवायचा हे कळतं.

साठचं दशक आलं, चित्रपट रंगीत झाले, निर्मात्यांना झगमगाट हवा झाला. भानूंनी तोही दिला. ‘वक्त’मध्ये (१९६५) साधनाचा बिनबाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि घट्ट चुडीदार आला. कल्पना साधनाची, बेत भानूंचा, असं सांगतात. थोड्याच दिवसांत दादरपासून दिल्लीपर्यंतच्या शिंप्यांकडे मुली त्याच मापाचा हट्ट धरू लागल्या. ‘ब्रह्मचारी’मध्ये (१९६८) शम्मी कपूरबरोबर मुमताजला धडाकेबाज नाचायचं होतं आणि अंगावर साडी हवी होती. सहा वारी नेसून तसं नाचलं तर निऱ्या सुटणारच. भानूंनी नेसलेल्या साडीच्या आकाराची साडी शिवूनच तयार केली. नारिंगी, सोनेरी काठाची, जागच्या जागी राहणारी. आज लग्नाच्या बाजारात ‘रेडीमेड साडी’ म्हणून जे विकलं जातं, त्याची ती आजी म्हणायला हरकत नाही.

‘आम्रपाली’ (१९६६) हे या दशकातलं वेगळं प्रकरण. वैशालीची नगरवधू, काळ बुद्धाचा. त्या काळचा शिवलेला कपडा दाखवायचा तरी कुठून? भानू अजिंठ्याला गेल्या. भिंतींवरच्या राण्या, दासी, नर्तकी यांच्या अंगावरची अंतरीयं, उत्तरीयं, कंचुक्या आणि गळ्या-दंडांतले अलंकार बघून त्यांनी वैजयंतीमालेचे कपडे ठरवले. लेख टंडन यांचा हा चित्रपट भारतातर्फे ऑस्करच्या स्पर्धेत गेला होता, जिंकला नाही. खरं सांगायचं तर त्यातल्या कापडाची चकाकी अजिंठ्याची नाही, मुंबईची आहे. ईस्टमनकलरला ती लागत असे. पण तोवरच्या पौराणिक चित्रपटांतले कार्डबोर्डचे मुकुट आठवले की ‘आम्रपाली’नं केवढी उडी मारली ते कळतं. पडदे रंगवणाऱ्यांच्या गावची मुलगी देशातल्या जुन्या रंगवलेल्या भिंतींकडे विचारायला गेली, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

सत्तरच्या दशकात कॉनराड रुक्स यांचा ‘सिद्धार्थ’ (१९७२) हा परदेशी चित्रपट त्यांनी केला, ‘मेरा नाम जोकर’ ते ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ ही राज कपूरची कामंही चालूच होती. ते सोडून पुढे जाऊ, कारण १९८० साली रिचर्ड ॲटनबरो आले.

ॲटनबरो ‘गांधी’साठी जवळजवळ दोन दशकं धडपडत होते. चित्रण २६ नोव्हेंबर १९८० ला सुरू झालं आणि १० मे १९८१ ला संपलं. साडेपाच महिने. एवढ्यात पन्नासेक वर्षांचा इतिहास उभा करायचा होता: १८९३ ची दक्षिण आफ्रिका, चंपारण, १९१९ ची जालियनवाला बाग, १९३० ची दांडी, फाळणीचे तांडे, आणि ३० जानेवारी १९४८. अंत्ययात्रेचं चित्रण गांधीजींच्या प्रत्यक्ष अंत्ययात्रेच्या ३३व्या स्मृतिदिनी, ३१ जानेवारी १९८१ ला दिल्लीत झालं आणि त्याला तीन लाखांच्या आसपास माणसं होती. वेशभूषेची जबाबदारी दोघांवर होती. इंग्रज जॉन मोलो हे लष्करी गणवेशांचे अभ्यासक, ‘स्टार वॉर्स’साठी आधीच ऑस्कर मिळवलेले. भारतीय बाजू भानूंची.

आणि ‘गांधी’मध्ये भारतीय बाजू म्हणजे निव्वळ पार्श्वभूमी नव्हती. या माणसाचं सगळं राजकारण त्याच्या कपड्यांवर लिहिलेलं आहे. १८९३ मध्ये डर्बनच्या न्यायालयात मॅजिस्ट्रेटनं फेटा काढायला सांगितला आणि तरुण बॅरिस्टर न काढता बाहेर पडला. पुढे कुटुंबाला घेऊन आफ्रिकेला जाताना त्यानं पत्नीला पारशी पद्धतीची साडी आणि मुलांना पारशी कोट-पाटलोण घालायला लावली, बूट-मोजे सक्तीचे केले. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये त्यानं स्वतःच हे सांगून टाकलं आहे. १९१५ मध्ये मुंबईच्या धक्क्यावर तो काठियावाडी वेशात उतरला. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला त्यानं तोही टाकला आणि पंचा नेसला. १९३१ मध्ये त्याच पंच्यावर तो बकिंगहॅम राजवाड्यात जाऊन आला. इतका विचार करून कपडे उतरवणारा दुसरा राजकारणी सांगता येत नाही. वेशभूषाकाराला अशा नायकाचे कपडे ‘करायचे’ नसतात, ते कमी कमी कसे होत गेले ते दाखवायचं असतं. सूट, मग जाडंभरडं कापड, मग जवळजवळ काही नाही. बेन किंग्जलेच्या अंगावरचं कापड जसजसं आटत जातं तसतसा माणूस मोठा होत जातो, आणि हे घडताना आपलं लक्ष कपड्याकडे जात नाही. नदीकाठी एका फाटक्या वस्त्रातल्या बाईकडे गांधी आपलं कापड पाण्यातून सोडून देतात तो प्रसंग आठवत असेल तर मी काय म्हणतो ते कळेल.

मराठी प्रेक्षकाला या चित्रपटात आपली दोन माणसं विशेष आठवतात. रोहिणी हट्टंगडी तेव्हा तिशीच्या आतबाहेर. त्यांना कस्तुरबांच्या तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत जायचं होतं. चेहऱ्याचं काम रंगपटानं केलं, पण खांद्याचं, चालीचं, बसण्या-उठण्याचं काम साडीनं केलं. गुजराती पद्धतीनं पुढे घेतलेला पदर, डोक्यावरून सरकू न देता धरलेला, आणि वर्षं जातील तसतसा जाड होत गेलेला खादीचा पोत. दुसरे डॉ. श्रीराम लागू, गोखल्यांच्या भूमिकेत. गोखल्यांचं पगडी-उपरणं, पटेलांचं धोतर, नेहरूंची अचकन, जिनांचा बेतीव सूट आणि पुढची शेरवानी: काँग्रेसच्या एका बैठकीत किती प्रांत, किती जाती, किती बॅंकबुकं बसली आहेत ते त्या कपड्यांवरून वाचता येतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रेक्षकाला हे वाचता आलं नसेल. तरी भानूंनी ते नेमकं ठेवलं, कारण चूक झाली असती तर ती आपल्याला दिसली असती.

याहून अवघड काम गर्दीचं. खादी नवी असली की कडक असते, पांढरीधोप दिसते, कॅमेऱ्यात ओरडते. शेतकऱ्याच्या अंगावरचं धोतर शंभरदा धुतलेलं, गुडघ्यापाशी मळलेलं, घामानं पिवळट झालेलं हवं. कपड्याला वय चढवणं हे कपडेपटातलं सर्वांत कष्टाचं आणि सर्वांत कमी कौतुकाचं काम आहे. चंपारणच्या भुकेल्या शेतकऱ्याचं धोतर आणि फाळणीतल्या निर्वासिताचं धोतर यांतला मळ वेगळा असतो. एकाचा मातीचा, दुसऱ्याचा रस्त्याचा. ज्या बाईनं वैजयंतीमालेला आणि मुमताजला नटवलं तिच्या हाताला ही धूळही ठाऊक होती. मुंबईच्या निर्मात्यांनी तिला पैसे दिले ते झगमगाटासाठी, ऑस्कर मिळालं ते धुळीसाठी.

११ एप्रिल १९८३ ला लॉस एंजेलिसच्या डोरोथी चँडलर पॅव्हिलियनमध्ये वेशभूषेच्या स्पर्धेत ‘ला त्राविआता’, ‘सोफीज चॉइस’, ‘ट्रॉन’ आणि ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ हे चार चित्रपट समोर होते. एकेकाच्या वेशभूषेत डोळे दिपवण्याची ताकद होती. ‘गांधी’ला त्या रात्री ११ नामांकनांतून ८ पारितोषिकं मिळाली, त्यांतलं वेशभूषेचं मोलो आणि भानू अथैया यांना. संगीतासाठी रविशंकरांचंही नामांकन होतं, ते हुकलं. त्यामुळे भारताच्या वाट्याला आलेली पहिली बाहुली एका वेशभूषाकाराच्या हाती आली, ज्या कामाला आपल्याकडे श्रेयनामावलीत धड ओळ मिळत नसे.

नंतर घरी परतल्यावर काय बदललं? फार नाही. हॉलिवूडनं काही बोलावलं नाही, मुंबईनंही लगेच मखरात बसवलं नाही. त्या काम करत राहिल्या. गुलजारांच्या ‘लेकिन’साठी आणि नंतर ‘लगान’साठी (२००१) त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘लगान’ त्यांनी केला तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. तो चित्रपट कपड्यांसाठी पुन्हा एकदा बघण्यासारखा आहे. समोर इंग्रजांचा संघ पांढऱ्या पोशाखात, एकसारखा. गावाच्या संघाला गणवेशच नाही. अकरा जण अकरा जातींचे, धंद्यांचे, धर्मांचे. प्रत्येकाचं मुंडासं निराळं, बंडी निराळी, कापडाचा रंग निराळा. लांबून मैदान दाखवलं तरी कोण कुठे उभा आहे ते ओळखू यायला हवं, आणि तरीही सामना संपेपर्यंत ते एका गावचे दिसायला हवेत. हे सगळं भुजच्या मातीच्या रंगांत बसवलं आहे. मोठा कॅनव्हास भरायचं जे.जे.त घेतलेलं शिक्षण वाया गेलं म्हणणाऱ्यांनी तो शेवटचा तास बघावा. त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक मराठी होतं, २०१५ चा ‘नागरिक’.

२०१० मध्ये त्यांनी आपल्या कामावर ‘द आर्ट ऑफ कॉस्च्युम डिझाइन’ हे पुस्तक काढलं. आणि २०१२ मध्ये आजारपणात ऑस्करची बाहुली अकॅडमीकडे परत पाठवून दिली. आपल्यामागे ती नीट राहील याचा भरवसा इथे वाटत नव्हता. त्यावर तेव्हा थोडी ओरड झाली, देशाचा ठेवा बाहेर गेला वगैरे. ज्या देशात २००४ साली शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक चोरीला गेलं, तिथल्या एका ८३ वर्षांच्या बाईनं असा विचार केला तर तिला दोष कसा द्यायचा? १५ ऑक्टोबर २०२० ला त्या मुंबईत गेल्या. टाळेबंदीचं वर्ष होतं, निरोपाला माणसं कमी होती. पुढे त्यांची चित्रं आणि रेखाटनं लिलावात आली.

बाहुली सुरक्षित आहे, तिची काळजी नको. काळजी कपड्यांची आहे. चित्रपट संपला की कपडे गोदामात जातात, तिथून भाड्यानं दुसऱ्या चित्रपटात, तिथून तिसऱ्या. काठ उसवून दुसऱ्या कापडाला लावले जातात, जर विकली जाते, उरलेलं कसर खाते. हिंदी-मराठी सिनेमाच्या शंभर वर्षांच्या रिळांपैकी बरीचशी आपण गमावली हे निदान सगळ्यांना ठाऊक तरी आहे. कपड्यांची नोंदसुद्धा कुणी घेतली नाही. मुंबईत पेडर रोडवर २०१९ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. कोल्हापूर आपल्या चित्रपटाच्या वारशाचा अभिमान सांगतं, तो खराही आहे. या दोन्ही ठिकाणी वेशभूषेला कॅमेऱ्याइतकी जागा मिळायला हवी. आणि ज्यांच्या घरात कुणी मास्टर, ड्रेसवाला, ड्रेसमन किंवा जरीकाम करणारा होता, त्यांनी जुन्या पेट्या विकण्याआधी एकदा उघडाव्यात. मापांची वही, कापडाचा तुकडा, सेटवरचा फोटो जे सापडेल ते चित्रपटाचं नाव आणि साल लिहून संग्रहालयाकडे द्यावं.